धक्का

पेपरात दोन ओळी आल्या, आतल्या पानावर:
जुन्या मोटारींचे संग्राहक गुणवंतराव डेहणकर यांचे निधन,
मोटारप्रेमींना धक्का.

वाचून मला हसू आलं, गुणवंतभाऊ.
माफ करा. पण धक्का आम्हाला नवा नव्हता.
धंतोलीतला एक खांदा दाखवा
ज्यानं तुमची एकही गाडी ढकलली नाही.
निम्मे नवरदेव तुमची हिलमन ढकलत
मांडवात पोचले,
फेटा बगलेत, मुंडावळ्या कानावर.
भाडं म्हणून तुम्ही एक डबा बुंदी घ्यायचे,
तीही परतीच्या वाटेत संपायची.

मी सीटा शिवणारा.
सदरच्या दुकानात तीस वर्षं सुई आणि रेक्झिन.
इंजिनातलं मला ओ की ठो कळत नाही,
ते जब्बार मिस्त्रीचं खातं.
पण गाडीत कोण कसं बसत होतं
हे मला गादी सांगते.
ऑस्टिनचा डावा कोपरा दबलेला; तिथं कुणीतरी
वर्षानुवर्षं खिडकीला टेकून रुसलं होतं.
लँडमास्टरच्या काथ्यात सापडले
केसांचे सात आकडे, एक चिंचोका, पैंजणाचं घुंगरू
आणि चौघडी घातलेला कागद: डागा हॉस्पिटल,
मुलगी, सहा पौंड. नाव पुसलेलं.
मी सगळं पुडीत बांधून तुमच्या हातात दिलं.
तो कागद तुम्ही बराच वेळ वाचत राहिले.
वाचण्यासारखं त्यात तेवढंच होतं.
मग म्हणाले, "आपलं नाही बा हे.
जिथं होतं तिथंच शिवून टाक.
गाडीचं गाडीले."

पैशाच्या बाबतीत मात्र तुम्ही चेंगट.
चश्मा कपाळावर चढवून टाके मोजायचे,
"इथं दोन कमी मारले बे तू,"
आणि वर पुन्हा उधारी.
माझे बावीसशे रुपये अजून तुमच्याकडे आहेत.
तेराव्याला मी कुणाला बोललो नाही,
इथं लिहून ठेवतो.

मे महिना, पारा शेहेचाळीस.
पुढे स्वर्गरथ, मागे तुमच्या सहा गाड्या.
कल्पना जब्बारची; सुमनताई नको म्हणाल्या नाहीत.
पंचशील चौकात फियाट तापली.
झाशी राणीला मॉरिस गप्प.
शंकरनगरच्या सिग्नलला हिलमननं
फस्सकन वाफ सोडली आणि तिथंच बसली.
मागची सिटी बस, ऑटो, सायकलवरचा दूधवाला,
सगळे हॉर्न वाजवायचं विसरून बघत राहिले.
स्वर्गरथाचा ड्रायव्हर उतरून आला,
"बॉडी पुढे नेऊ का? घाटावर वेळ दिली आहे."
जब्बार म्हणाला, "थांब ना भाऊ.
ते कधी टायमावर गेले कुठं?"

मग पुतणे, शेजारी,
बुंदीवाले जुने नवरदेव, आता टकले,
आणि चौकातला तो पोलीसही,
सगळे हिलमनला भिडलो.
पत्रा असा तापलेला की तळवे चिकटत होते.
कुणीतरी सवयीनं ओरडलं,
"सेकंडमधी टाका, भाऊ!"

आणि सगळ्यांनी एकदमच
स्टिअरिंगकडे बघितलं.

तिथं कुणी नव्हतं.
चालवणारा पुतण्या आमच्यासोबत ढकलत होता.
डावीकडून सुमनताई
मी शिवलेल्या त्या सलग गादीवरून
सरकत सरकत उजवीकडे आल्या.
त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.
पदर कमरेला खोचला, क्लच दाबला.
आम्ही ढकललं.
हिलमननं दोन आचके दिले, आणि खोकत, शिव्या देत
अंबाझरीच्या दिशेनं निघाली,
स्वर्गरथाला मागे टाकून.

परवा त्यांचा निरोप आला.
दोन गाड्या हैदराबादला जात आहेत, बाकीच्यांचं पाहू,
हिलमन राहील.
"उजवीकडची गादी चार बोटं उंच कर,
मले रस्ता दिसत नाही."

सीट दुकानात आणून ठेवली आहे.
उजव्या बाजूला तुमचा खड्डा पडलेला आहे,
खोल, थोडा दाराकडे कललेला.
काथ्या उपसून तो भरून काढायचा,
की आहे तसा ठेवून वरून नवी गादी घालायची,
सकाळपासून कात्री हातात घेऊन बसलो आहे, भाऊ.
चहा दोनदा थंड झाला.